वारणेची सीमा आपण कधी विसरलो?

माझ्या आजोबांचा जन्म पन्हाळ्याच्या पायथ्याला झाला, तेव्हा ते कोल्हापूर संस्थानची प्रजा होते. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, परंतु संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. त्यामुळे आज नव्वदीकडे झुकलेली आपल्या घरातली माणसे छत्रपतींच्या राज्यात बाराखडी शिकली आणि भारतीय प्रजासत्ताकात मतदार झाली. गाव तेच, भाषा तीच, ग्रामदैवत तेच, शेताचा बांधही तोच, आणि तरीही ‘आपण कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर एका पिढीच्या हयातीत बदलले. राष्ट्र म्हणजे काय, यावर अलीकडे माझ्या मित्रयादीत जी हातघाई चालू आहे, तिच्यात ही साधी गोष्ट कोणी विचारात घेत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

एका बाजूचे म्हणणे असे, की राष्ट्र हजारो वर्षांपासून सिद्ध आहे आणि आपण फक्त त्यात जन्म घेतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की रेल्वे, तारखाते आणि जनगणना आणून इंग्रजांनी ही कल्पना आपल्या डोक्यात भरवली. मला दोन्ही पटत नाहीत, कारण राष्ट्र घडताना इथल्या माणसांनी स्वतः काय केले, याला दोन्ही म्हणण्यांत जागाच नाही. एखादी गोष्ट अलीकडे घडली म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि जुनी आहे म्हणून आपोआप टिकतही नाही. एकमेकांना कधी न भेटलेली माणसे एका कायद्याखाली बरोबरीने व्यवहार करू लागतात, एकमेकांचा भार उचलू लागतात, आणि त्या सवयीतून पुढे आपलेपणा येतो, असे माझे मत आहे. व्यवहार आधी, भावना मागाहून.

धर्म एक असला की राष्ट्र होते, हे म्हणणे १९७१ साली बांगलादेशाने निकालात काढले. भाषा एकच हवी म्हणावे, तर स्वित्झर्लंड चार राष्ट्रीय भाषा घेऊन नांदते आहे. पण आपल्याला इतक्या लांब जाण्याचे कारण नाही, सीमेपलीकडच्या निपाणीपर्यंत गेले तरी पुरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना अमलात आली, आणि तेव्हापासून या एकाच तारखेला कर्नाटकात राज्योत्सव साजरा होतो आणि सीमाभागातला मराठी माणूस काळा दिवस पाळतो. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा आमच्या घरात तीन पिढ्यांना पाठ आहे. अधूनमधून गाड्यांना काळे फासले जाते, एसटीच्या फेऱ्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे थांबतात, आणि वातावरण निवळले की पुन्हा सुरू होतात. महाराष्ट्राने २००४ मध्ये सीमाभागावरचा हा दावा सर्वोच्च न्यायालयात नेला. मला यात लक्षणीय वाटते ते हे, की इतका जुना आणि इतका कडवट तंटा असूनही दोन्ही पक्ष एकाच न्यायालयात उभे राहतात, एकाच राज्यघटनेचा आधार घेतात. देशातून बाहेर पडण्याची भाषा दोघांपैकी कोणी करत नाही. आणि त्याच रस्त्याने मार्गशीर्षात कोल्हापूरच्या एसटी गाड्या भरभरून सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जातात, चैत्रात कर्नाटकातले भाविक जोतिबाला येतात, आणि शिरोळ-गडहिंग्लजकडची कितीतरी घरे चुलीपाशी कन्नड आणि बाजारात मराठी बोलतात. माझे मत सीमाभागातल्या मराठी माणसाच्या बाजूने आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण भाषेची अस्मिता आणि राष्ट्रीयत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या माणसाकडूनच कळले.

अर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच विचारवंताने ११ मार्च १८८२ रोजी पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात याच प्रश्नावर व्याख्यान दिले होते. वंश, भाषा, धर्म, भूगोल या एकेका कसोटीला बाजूला सारत तो दोन गोष्टींपाशी थांबला: सामायिक स्मृती आणि एकत्र राहण्याची आजची इच्छा. त्या इच्छेला त्याने रोजचे सार्वमत म्हटले, आणि हे वाक्य सगळे उद्धृत करतात. त्याचे दुसरे म्हणणे मात्र अडचणीचे असल्यामुळे मागे पडते. राष्ट्र घडण्यासाठी पुष्कळ काही विसरावेही लागते, असे तो म्हणाला, आणि १५७२ साली फ्रान्समध्ये कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांच्या केलेल्या कत्तलीचा दाखला त्याने दिला.

आपल्याकडचा दाखला वारणा नदीचा आहे. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज हे चुलतभाऊ. त्यांची सैन्ये एकमेकांवर चालून गेली होती, आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन राज्यांची हद्द ठरली. आज किणीच्या पुढे वारणेचा पूल ओलांडताना आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चाललो आहोत, असे उसाच्या ट्रॉलीवर बसलेल्या कोणाच्या मनातही येत नाही. हे विसरणे कोणी ठरवून घडवले नाही. सोयरिकी, बाजार, साखर कारखाने आणि कॉलेजे यांनी ती हद्द आपोआप पुसली.

सगळेच विसरणे असे निर्मळ नसते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, त्यानंतर कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. जुनी माणसे त्याला अजूनही ‘अठ्ठेचाळीसचे जळीत’ म्हणतात, तेही आवाज खाली आणून. पुष्कळ कुटुंबे गाव सोडून गेली आणि परतली नाहीत. याविषयी आपण कधी मोकळेपणाने बोललो नाही आणि त्या गप्प बसण्यालाच विसरणे म्हणू लागलो. वारणेची हद्द आणि हे जळीत यांतला फरक रेनाँच्या सूत्रात बसत नाही. माझ्या मते फरक एवढाच, की पहिल्या बाबतीत दोन्हीकडची माणसे पुढे एकत्र नांदली, आणि दुसऱ्या बाबतीत एका बाजूला उठून जावे लागले.

इथे बाबासाहेब आंबेडकर रेनाँच्या पुढे जातात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी स्पष्ट विचारले, की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होऊ शकतात? आपण राष्ट्र आहोत हा भ्रम आहे, हे लवकर ओळखाल तेवढे बरे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यांच्या दृष्टीने जाती राष्ट्रविरोधी होत्या, कारण त्या समाजजीवनात फूट पाडतात. कोल्हापूरने हा विचार भाषणाच्या कितीतरी आधी प्रत्यक्षात पाहिला होता. राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले, आपली गाडी त्यांच्या दारात थांबवली आणि सर्वांदेखत तिथला चहा घेतला. बरोबरच्या लोकांनाही तो घ्यावा लागला. त्यांतल्या किती जणांच्या मनात त्या वेळी बंधुभाव होता, मला शंकाच आहे. पण कप तोंडाला लागला. मार्च १९२० ची अस्पृश्यांची माणगाव परिषद आपण उत्साहाने साजरी करतो, आणि ते योग्यच आहे, परंतु मला त्या चहाचे महत्त्व काकणभर जास्त वाटते. (महाराजांनी जातवार वसतिगृहे काढली, त्याचे काय, असे कोणी विचारेलच. ज्यांना शहरात कोणी खोली देत नव्हते, त्यांना शाळेपर्यंत पोहोचवण्याचा तो मार्ग होता. शंभर वर्षांनंतरही आपण त्याच पाट्यांखाली मेळावे भरवतो, हा दोष महाराजांचा नाही.)

आता आजचे पाहू. आमच्या भागातल्या रेशन दुकानात उत्तर प्रदेशातली एक बाई रांगेत होती. नवरा शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. तिने ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला, तेव्हा मागच्या मावशी म्हणाल्या, “हिचं कार्ड तिकडचं, मग धान्य हितलं कसं?” दुकानदाराने पावती फाडत सांगितले, “केंद्राचं हाय मावशी, आता कुठंबी मिळतंय.” मावशींनी तोंड वाकडे केले, पण पिशवी भरायला तिला जागा करून दिली. राष्ट्र घडताना बहुधा असेच दिसते, कुरकुरत. त्याच गल्लीत माझ्या ओळखीच्या एका तरुण इंजिनिअरला खोली हवी होती. फोनवर भाडे ठरले, पाण्याची वेळ ठरली, आणि मग मालकांनी विचारले, “पाव्हणं, आडनाव काय म्हणायचं?” आडनाव ऐकल्यावर खोली आधीच दिली गेल्याचे कळवण्यात आले. या मालकांच्या गाडीवर तिरंग्याचे स्टिकर आहे आणि ते मनापासून लावलेले आहे, याविषयी मला जराही संशय नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे: रेशनकार्डासाठी कोणी प्राण देत नाही, देशासाठी देतात. पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जवान पाठवणाऱ्या शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे नाव घेतले की हा मुद्दा वेगळा पटवून द्यावा लागत नाही. पण पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचे जवान मेसोपोटेमियात लढले आणि तिथेच मातीआड झाले, तेही इंग्रजांच्या साम्राज्यासाठी. त्यांचे शौर्य आजच्या जवानापेक्षा उणे नव्हते. प्राण साम्राज्यही मागून घेऊ शकते. फक्त लढाई कोणाशी आणि कशासाठी, हे ठरवण्यात त्या जवानाचा वाटा नव्हता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तो वाटा त्याच्या गावाला मिळाला, शेतात भांगलणाऱ्या बाईलाही मिळाला. आज टाकळीच्या जवानाचे, त्या घरमालकांचे आणि त्या इंजिनिअरचे मत मोजणीच्या टेबलावर सारखेच धरले जाते. खोलीच्या दारात अजून तसे धरले जात नाही, आणि माझे भांडण तेवढ्या फरकाशी आहे.