प्रश्नांच्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?

आमच्याकडे एका नेत्याचा विद्यार्थ्यांसाठी अकराचा कार्यक्रम होता. साडेदहालाच मुलं सभागृहात नेऊन बसवली आणि पाहुणे उगवले पावणेदोनला. मधल्या वेळात पाणी प्यायलाही कुणाला बाहेर सोडायचं नाही, अशी तंबी. कारण बाहेर गेलेलं पोरगं परत येत नाही आणि मागच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या की फोटोत वाईट दिसतं. हे ऐकीव नाही. दारात मलाच उभं केलं होतं. 'मॅडम, जरा जाऊन येऊ का?' असं विचारणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींना मी 'बस गं जरा' म्हणत होते, आणि स्वतःचीच चीड येत होती.

मी राज्यशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. ज्या दिवशी कार्यक्रम, त्या दिवशी माझा तास बुडतो. तास बुडला की त्याचे पैसेही बुडतात. पण तो राग वेगळा, तो गिळायची सवय झालीये. आजचा राग 'युवा संवाद' या नावाचा आहे. संवाद म्हणे! कुठे होता संवाद?

नेते कुठल्या पक्षाचे ते सांगणार नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. गेल्या सहा वर्षांत सगळ्या पक्षांचे बघून झालेत. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, विद्यापीठ गीत, प्रास्ताविक, परिचय. मग शाल-श्रीफळ. आधी मुख्य पाहुण्यांना, मग त्यांच्यासोबत आलेल्या सात जणांना, ज्यांची नावं निवेदकाला ऐनवेळी कानात सांगावी लागली. सत्कारातच पाऊण तास गेला. मग पाहुणे पन्नास मिनिटं बोलले. त्यात स्वतःचं बालपण, विरोधकांची उणीदुणी आणि 'तुम्ही देशाचं भविष्य आहात'. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना मताचा अधिकार आहे हो! ती मुलं भविष्य नाहीत, आजची मतदार आहेत. 1989 मध्ये घटनादुरुस्ती करून मतदानाचं वय 21 वरून 18 वर आणलं, ते काय सभागृहं भरायला?

आता प्रश्नोत्तरांचं ऐका. माइक कुणाच्या हातात द्यायचा नाही, प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यायचे, असं आदल्या दिवशीच ठरलं होतं. चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझ्याकडे. प्लास्टिकचा ट्रे घेऊन मी रांगारांगांतून फिरले. वहीचे फाडलेले कागद, कुणी बसच्या तिकिटामागे लिहिलेलं, कुणी सुवाच्य अक्षरात समास सोडून. चाळीसच्या वर चिठ्ठ्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा मी चालता चालता वाचल्या. प्राध्यापकांच्या जागा का भरत नाहीत? परीक्षेचे निकाल वेळेवर का लागत नाहीत? वसतिगृहाची यादी इतक्या उशिरा का? स्पर्धा परीक्षेच्या तारखा पुढे पुढे का जातात? एकाही प्रश्नात शिवी नव्हती की घोषणा नव्हती.

ट्रे विंगेत गेला. तिथे आयोजक आणि पाहुण्यांचे पीए खुर्च्या टाकून बसले होते. दहा मिनिटांनी निवेदकाच्या हातात तीन चिठ्ठ्या आल्या. 'राजकारणात यायची प्रेरणा कुणाकडून मिळाली?' 'एवढ्या दगदगीत फिट कसे राहता?' 'आजच्या तरुणाईला काय संदेश द्याल?' या तिन्हींपैकी एकही प्रश्न मला ट्रेमध्ये दिसला नव्हता. फिटनेसचा तर नव्हताच, हे मी छातीठोकपणे सांगते. मग 'वेळेअभावी' आभारप्रदर्शन. तीन तास पोरांना कोंडून ठेवताना वेळ होता, आठ शाली पांघरताना वेळ होता, आणि प्रश्न आला की वेळेचा अभाव!

जालन्याकडची माझी एक विद्यार्थिनी आहे, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. या एका प्रश्नासाठी ती दोन दिवस धडपडत होती. मला तीनदा दाखवला. 'मॅडम, उद्धट वाटत नाही ना?' प्रश्न असा होता: 'शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष संपताना खात्यात येतात, तोपर्यंत खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे आम्ही कुठून भरायचे?' एका वाक्याचा, साधा, सभ्य प्रश्न. कार्यक्रम संपल्यावर मी विंगेत आवराआवर करत होते, तेव्हा तिची चिठ्ठी सापडली. चार घड्या घातलेली होती, तशीच. उघडलीसुद्धा नव्हती. वर समोशाची बशी ठेवलेली, तेलाचा गोल डाग आरपार उतरलेला. खाली जिन्यात ती उभी होती. म्हणाली, 'माझी वाचली का हो त्यांनी?'

काय उत्तर द्यायचं?

आणि हे पुण्यात! ज्या शहरात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, परक्याचं राज्य असताना, लोकांनी ऐकावं, वाद घालावा, डोकं चालवावं म्हणून. ज्या शहरात 29 जानेवारी 1939 ला गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वार्षिक समारंभात डॉ. आंबेडकर उभे राहिले. इंग्रजांनी केलेल्या 1935 च्या भारत सरकार कायद्यातली संघराज्याची योजना त्यांनी कलमागून कलम घेऊन सोलून काढली. तेव्हा ते स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते, मुंबई विधिमंडळात निवडून आलेले. म्हणजे राजकारणीच की! राजकारणी माणूस व्याख्यानाला बोलावला म्हणून विद्येचं मंदिर बाटत नाही. त्याने अभ्यास करून यावं लागतं आणि समोरच्यांना अक्कल आहे हे धरून बोलावं लागतं. ते भाषण मी दरवर्षी वर्गात वाचायला लावते. आणि मग त्याच मुलांना हाताला धरून या असल्या सोहळ्यांना नेऊन बसवते. मुलं माझ्याकडे बघतात ना, ती नजर सहन होत नाही.

बरं, मुलांनी स्वतःहून कुणाला बोलवायचं म्हटलं तर? गेल्या वर्षी आमच्या मुलांनी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या रखडलेल्या निवडणुकांवर एक चर्चा ठेवायची ठरवली. दोन बाजूंचे दोन वक्ते, दीड तास, निम्मा वेळ प्रश्नांना. वक्ते स्वतःच्या खर्चाने यायला तयार. अर्ज अकरा दिवस टेबलावर पडून राहिला. मग निरोप आला, 'विषय राजकीय आहे.' अहो, विभागाचं नाव काय आहे? राज्यशास्त्र! आम्ही काय पाककृतींवर चर्चा ठेवायची? नेत्याच्या वाढदिवसाच्या आठवड्यात नेत्याचं भाषण, ते राजकीय नाही. तिथे सभागृह फुकट, मंडप फुकट, प्राध्यापक दारात राखणीला. आणि मुलांनी दोन बाजू ऐकायच्या म्हटलं की राजकारण!

कुणी म्हणेल, माइक दिला तर गोंधळ होतो, घोषणा होतात, खुर्च्या फेकतात. होतं कधीकधी, मान्य आहे. पण गोंधळ घालणारे बहुतेक वेळा बाहेरून आलेले असतात, कुठल्यातरी संघटनेचा गमछा गळ्यात घालून, आणि त्यांना फाटकावर कुणी अडवत नाही. अडवलं जातं ते समास सोडून प्रश्न लिहिणाऱ्या मुलीला. आणि मुलांना प्रश्न विचारायची सवय लागणार कुठून? महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या खुल्या विद्यार्थी निवडणुका नव्वदच्या दशकात हिंसाचाराचं कारण सांगून बंद केल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आणल्या, कागदावर. 2019 ला होणार होणार म्हणता म्हणता पुढे ढकलल्या. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने आपला प्रतिनिधी मत देऊन निवडलेला नाही. आमदार निवडायला चालतात ती, खासदार निवडायला चालतात, पण कॉलेजचा सचिव निवडायची अक्कल त्यांना नाही!

या सगळ्यातून मिळतं काय, तर जिओटॅग केलेले फोटो. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फायलीत लावायचे, अक्षांश-रेखांशासकट. फोटोत तीनशे मुलं दिसतात. मग अहवाल होतो, 'विद्यार्थ्यांनी मान्यवरांशी मनमोकळा संवाद साधला.' तो अहवालही मलाच लिहायला दिला होता. ते वाक्य मी लिहिलं नाही. 'प्रश्नोत्तरे झाली नाहीत' असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी फायलीत पाहिलं, तर कुणीतरी ते बदलून टाकलेलं.

फार काही मागत नाहीये मी. पाहुणे अर्धा तासाच्या वर उशिरा आले तर मुलांना सोडून द्या. सत्कार एक, शाल एक. जेवढा वेळ भाषण तेवढाच वेळ प्रश्न. मधल्या वाटेत एक माइक उभा करा, हवं तर मी उभी राहते त्याच्या शेजारी, कुणी वावगं बोललं तर मी थांबवीन. रोज वर्गात साठ मुलांना सांभाळते, तिथेही सांभाळीन. आणि ज्या नेत्याला हे चालत नसेल, त्याने आपली सभा मैदानात घ्यावी, स्वतःच्या खर्चाने.

काल विभागाच्या ग्रुपवर पुन्हा मेसेज आलाय. येत्या गुरुवारी अजून एक मान्यवर येतायत, प्रत्येक विभागाने किमान शंभर विद्यार्थी आणावेत. मी खाली लिहिलं, 'मुलांना थेट प्रश्न विचारता येणार आहेत का, एवढं आधी कळवावं.' सगळ्यांनी वाचलंय. एकानेही उत्तर दिलेलं नाही. ती तेलाचा डाग पडलेली चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. गुरुवारी माइक नसला तरी मी उठून ती मोठ्याने वाचणार आहे. पुढच्या वर्षी तास देतील की नाही, ते पुढच्या वर्षी बघू.