सही काढायची असते

चेक परत आला. खात्यात पैसे नव्हते म्हणून नाही हो, पैसे होते, हे मी आता कुणालाही रस्त्यात थांबवून सांगतो. सोसायटीच्या रंगकामाचे १२,४०० रुपये, सेक्रेटरींना चेकच लागतो कारण 'रेकॉर्ड राहतं', आणि तो चेक बँकेने परत पाठवला कारण सही जुळत नाही. म्हणजे माझी सही माझ्या सहीसारखी नाही. त्याबद्दल बँकेने २५० रुपये कापले, त्यावर १८ टक्के जीएसटी ४५ रुपये, एकूण २९५. मला स्वतःची सही येत नाही या गोष्टीवर सरकारने कर घेतला.

बरं ते २९५ पण गेले तर गेले. सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं, 'फ्लॅट ३०४ चेक रिटर्न. सर्वांनी नोंद घ्यावी.' कारण नाही लिहिलं! चार शब्द जास्त टाइप केले असते तर काय बोटं झिजणार होती का. सर्वांनी नोंद घेतली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये इतक्या मऊ आवाजात विचारलं, "सगळं ठीक ना? नोकरी वगैरे?" आणि तळमजल्यावरचे वकील, ज्यांनी आजवर पार्किंग सोडून कुठल्याच विषयावर माझ्याशी शब्द बोललेला नाही, त्यांनी जिन्यात थांबवून माहिती दिली की सही न जुळल्यामुळे चेक परत गेला तरी कलम १३८ लागू शकतं, सुप्रीम कोर्टाने २०१२ सालीच सांगून ठेवलंय, नोटीस आल्यावर १५ दिवसांत पैसे नाही भरले तर दोन वर्षांपर्यंत आत. रंगाच्या पैशांसाठी. "पण काळजी करू नका," म्हणाले, आणि गेले.

आता सहीचं असं आहे की ती मी केली तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. २००६, पहिली नोकरी, पहिलं सॅलरी अकाउंट. आमची मराठी शाळा, इंग्रजीचं तोंड पाचवीत पाहिलेलं, चार रेघी वहीत एफ आणि जी गिरवताना गुरुजींची पट्टी बोटांच्या पेरांवर बसलेली. त्यामुळे इंग्रजीत सही करणं ही आयुष्यात मोठं होण्याची एकमेव खूण वाटायची. दहावीच्या वहीची मागची सगळी पानं त्यात घालवली. बाबांच्या सहीवरून खालची रेघ घेतली, बँकेतल्या एका मामांच्या सहीवरून दोन टिंबं घेतली, आणि मध्ये तीन वेलांट्या स्वतःच्या, त्या कुठल्या अक्षराच्या आहेत हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

त्यानंतर पेन सुटलं. २०१६ साली यूपीआय आलं, मग तर चहाचे दहा रुपयेसुद्धा अंगठ्याने जातात. वर्षातून एकदा लिहितो ते लग्नाच्या पाकिटावर, तेही बायको म्हणते द्या इकडे. कुरिअरवाला मोबाईल पुढे करतो, त्याच्या काचेवर बोटाने सही करायची, पावसाळ्यात फरशीवर गांडूळ येतं ना तशी ती दिसते आणि तो "चालतंय" म्हणून निघूनही जातो. जगात सगळीकडे चालतंय, फक्त आमच्या बँकेत चालत नाही.

बँकेचं नाव घेत नाही. पैसे अजून तिथेच आहेत.

काउंटरवरच्या मॅडमने फॉर्म दिला, सही बदलण्याचा अर्ज. त्यात दोन चौकोन. "इथे जुनी सही, इथे नवी."
"मॅडम, जुनी जमत नाही म्हणूनच नवी करायची आहे."
"हो, पण जुनी जुळल्याशिवाय नवी घेता येत नाही."
"जुनी कशी आहे ते जरा दाखवता का स्क्रीनवर?"
त्यांनी स्क्रीन अजून चार बोटं स्वतःकडे वळवली. "दाखवता येत नाही सर. सेफ्टीसाठी असतं."
"कुणाच्या?"
"तुमच्याच."

मी केली. मॅडमने स्क्रीन बघितली, कागद बघितला, मान हलवली. परत केली. "रेघ जास्त लांब झाली." मग आखूड केली तर म्हणे टिंब कुठंय. मध्ये पॅनकार्ड काढून बघितलं तर त्यावर तिसरीच सही, ती कुणाची आहे देव जाणे. मागे रांग वाढलेली, सुतळीने बांधलेलं पेन माझ्या हातात आणि सुतळी इतकी आखूड की लिहिताना काउंटरला नमस्कार घातल्यासारखं वाकावं लागतं, आणि दाराशी बंदूक घेऊन बसलेले सिक्युरिटीवाले काका आता माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलेले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अरं बाळा, तू सही *करतुयास*. सही काढायची अस्ती."

वळून बघितलं तर एक आज्जी. नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, त्या पिशवीला रबर, त्या रबराला अजून एक रबर. मी कसनुसं हसलो. पण आज्जी थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. रांग सोडून माझ्या शेजारी येऊन उभ्याच राहिल्या आणि माझे चार फसलेले प्रयत्न एकेक करून बोटाने तपासले, बाजारात वांगी बघतात तसे.

"ह्ये काय हाय?"
"वेलांटी."
"कशाची?"
मी गप्प.
"आन् नाव कुठंय ह्यात तुजं?"
"सहीत नाव नसतं आज्जी, म्हणजे असतं, पण वाचता येत नाही."
"वाचता येत न्हाई तर लिवायचं कशाला?" हे त्यांनी मला नाही, रांगेला विचारलं. रांग हसली. रांगेला काय, फुकटात हसायला मिळालं.

मग त्यांनी माझ्याच हातातलं पेन घेतलं, माझ्याच अर्जाच्या मागे, मी नको नको म्हणेपर्यंत, स्वतःची सही काढून दाखवली. दीड मिनिट लागलं, खोटं नाही सांगत. पहिल्यांदा आडवी रेघ आखली, पट्टीने आखावी तशी. मग एकेक अक्षर त्या रेघेला खाली टांगलं, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं, आणि प्रत्येक अक्षर झालं की पेन उचलून जरा लांबून बघायच्या. मग पासबुक उघडून तिथली सही शेजारी धरली. एक काना इकडचा तिकडे नाही. मॅडमही बघतच राहिल्या.

कोरेगावकडच्या आज्जी. लेकाकडे पुण्याला असतात, कारण तिकडे आता त्यांचं बघायला कुणी नाही. गावात साक्षरतेचे वर्ग आले तेव्हा चाळिशीच्या होत्या, म्हणजे ते १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन निघालं आणि पुढची दहाएक वर्षं गावोगाव रात्रीचे वर्ग भरायचे ना, त्यातले. दिवसभर रानात आणि रात्री बत्तीच्या उजेडात पाटी. "सासू म्हणायची, ह्या वयात काय कलेक्टर व्हनार हायस का. म्या म्हटलं, कलेक्टर न्हाई व्हायचं, पर रेशनवाल्याम्होरं निळा अंगठा न्हाई वर करायचा." तो निळा अंगठा त्यांनी मला करूनही दाखवला, साबणाने आठवडाभर जात नसे म्हणाल्या, चार लोकांत पदराखाली लपवायच्या.

मला तेवढ्यात माझा ऑफिसमधला अंगठा आठवला. रोज सकाळी नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी मशिनवर दाबतो तो. मशिन म्हणतं प्लीज ट्राय अगेन. मी शर्टाला पुसतो, फुंकर मारतो, परत दाबतो, मागे आमचे साहेब आणि त्यांच्या मागे शिपाई, सगळे आपापले अंगठे वर करून उभे. पोस्ट ग्रॅज्युएट लोक आहोत सगळे.

या अंगठ्याची एक गोष्ट मी कुठेतरी वाचलेली, ती तेव्हाच आठवायची होती. १८५८ साली बंगालात विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याने रस्त्याच्या खडीचं कंत्राट राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला दिलं आणि कागदावर त्याच्या अख्ख्या हाताचा पंजा उमटवून घेतला. का, तर उद्या हा म्हणेल ही सही माझी नाही. तिथून पुढे १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं ऑफिसच निघालं. थोडक्यात सहीवर साहेबाचा भरवसा तेव्हाही नव्हता. पण हे मी आज्जींना सांगितलं नाही, आधीच रांग सोडून आल्या होत्या आणि मागचा एक माणूस "अहो आटपा" करत होता.

"तवा कुणाला दाखवायला केल्ती ही सही?" आज्जींनी विचारलं.
"कुणाला नाही."
"खोटं नगं बोलू."
खरं सांगायचं तर त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर माझ्याबरोबरच जॉईन झालेली एक मुलगी पण फॉर्म भरत होती. आता ते सगळ्या रांगेसमोर कसं सांगणार. मी नुसतं डोकं खाजवलं.
"हां," आज्जी म्हणाल्या. "मग तशीच काढ. ह्ये आता चोरी केल्यावानी काढतुयास."

काय सांगू, मी पाठ ताठ केली, सुतळी तुटेल एवढी ओढली आणि तेवीस वर्षांच्या माजाने एक सपकारा मारला, तिन्ही वेलांट्या, रेघ, दोन टिंबं, ठक ठक. मॅडमने स्क्रीन बघितली. कागद बघितला. "ही चालेल," म्हणाल्या, जणू त्यांच्या खिशातून देतायत.

नव्या सहीच्या चौकोनात मी मराठीत नाव लिहिलं. पूर्ण, वाचता येईल असं, वर रेघ आखून. आज्जी वरून बघत होत्या, "काना सरळ काढ" एवढंच म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या आता केवायसी पण करूनच टाका, तुम्ही लो रिस्क कस्टमर आहात त्यामुळे पुढे दहा वर्षं बघायला नको, हाय रिस्कवाल्यांना दर दोन वर्षांनी यावं लागतं. लो रिस्क! हे त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहून दिलं असतं तर उपकार झाले असते.

मग आज्जींचा नंबर. श्रावणबाळचे महिन्याचे १,५०० रुपये खात्यात अडकलेले, आधारचं काहीतरी राहिलेलं. आज्जींनी पेन घेतलं, पदर सारखा केला, रेघ आखायला घेतली आणि मॅडम म्हणाल्या, "सही नको आज्जी. अंगठा द्या." आणि ते छोटं काळं मशिन पुढे सरकवलं, आत लाल दिवा.

"मला सही येती की."
"हो, पण याला अंगठाच लागतो."
"अवो पर मला येती. बघा की." त्यांनी माझ्या अर्जाची मागची बाजू पुढे केली.

मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी अंगठा हातात घेऊन मशिनवर ठेवला. नाही उमटला. दुसऱ्या हाताचा, मग तर्जनी, मग मशिन पुसून, मग आज्जींचं बोट पुसून. भांडी, विळा, शेण, सत्तर वर्षांचं काम, त्या बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. मॅडम म्हणाल्या आधार सेंटरला जाऊन बोटं अपडेट करून या. कुठलं सेंटर, तर ते इथून दोन बस. आज बंद असेल, सोमवारी जा.

मला ना भयंकर राग आला आणि कुणावर काढायचा ते कळेना. मॅडमवर काढून काय उपयोग, त्यांच्या हातात ते मशिन आहे फक्त. या बाईला चाळिसाव्या वर्षी सरकारनेच पाटी दिली, अंगठेबहाद्दर राहू नका म्हणून गावोगाव भिंती रंगवल्या, ती शिकली, चांगली शिकली, आणि आता तेच सरकार म्हणतंय ती सही राहू दे, अंगठा काढ. आणि अंगठा कामात झिजला तर सोमवारी या. मी मॅडमना म्हणालो, अहो आजारी-म्हाताऱ्या खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ना, साक्षीदार ठेवून पायाचा अंगठासुद्धा चालतो? मॅडम म्हणाल्या, "ते पैसे काढायला सर. हे आधार आहे. आणि मशिनमध्ये पाय कसा जाईल?" आता यावर काय बोलणार. आज्जींनी मात्र लगेच पाय चपलेतून बाहेर काढला होता.

मी त्यांना रिक्षा करून देतो म्हणालो, नको म्हणाल्या, बस हाय. जाताना माझा अर्ज मागितला, मागे त्यांची सही होती ना. मॅडम म्हणाल्या तो आता जमा झालाय, रेकॉर्डला राहणार.

आठवड्याने नवीन चेक दिला, पास झाला. सेक्रेटरींनी ग्रुपवर काही टाकलं नाही. दोन दिवस वाट बघितली, शेवटी मीच टाकलं, की फ्लॅट ३०४ चा चेक पास झालेला आहे, आधीचा चेक सही न जुळल्याने परत आला होता, खात्यात रक्कम पुरेशी होती, सर्वांनी नोंद घ्यावी.

सेक्रेटरींनी अंगठा पाठवला.