व्हॉट्सअ‍ॅपवर तिसरी टिक नसते

"उद्यापासून संपर्काचे नवे नियम लागू" असा मथळा असलेला मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. या वेळी तो मावशीने घरच्या ग्रुपवर टाकला आणि तो वाचून दोघांनी आपापल्या जुन्या पोस्ट घाईघाईने उडवल्या. त्या पोस्टमध्ये रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल तक्रार होती, दुसरं काही नाही. मेसेज निव्वळ वेडगळ असता तर सोडून दिला असता. पण माणसं तो वाचून गप्प बसतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात: सगळे कॉल रेकॉर्ड होणार आणि जपून ठेवले जाणार. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, ट्विटर सगळ्यांवर नजर राहणार. तुमचा फोन मंत्रालयाच्या सिस्टीमला जोडला जाणार. राजकीय किंवा धार्मिक मेसेज पाठवणं गुन्हा, त्यासाठी वॉरंटशिवाय अटक. आणि शेवटी टिकांचा तक्ता: तीन निळ्या टिका दिसल्या तर सरकारने मेसेज पाहिला, दोन निळ्या आणि एक लाल असेल तर कारवाई होऊ शकते, एक निळी आणि दोन लाल म्हणजे तुमची माहिती तपासली जातेय, तीन लाल म्हणजे लवकरच कोर्टाचं समन्स.

मेसेजवर तारीख नाही, आदेश क्रमांक नाही, कुठल्या खात्याचा आदेश तेही नाही. "उद्यापासून" लिहिलं की तो रोजच ताजा राहतो. पीआयबी फॅक्ट चेकने, म्हणजे केंद्र सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाच्या पडताळणी कक्षाने, तो खोटा असल्याचं एकदा नव्हे, अनेकदा सांगितलंय. तरी लोक म्हणतात, "सरकार स्वतःच कसं कबूल करेल?" ठीक आहे, सरकारचा शब्द बाजूला ठेवू आणि टिका मुळात उमटतात कशा ते पाहू.

तुम्ही मेसेज पाठवलात, तो व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरला पोचला, सर्व्हरने पोच दिली: एक राखाडी टिक. समोरच्याच्या फोनवर मेसेज उतरला आणि त्या फोनने पोच परत पाठवली: दुसरी राखाडी टिक. त्याने चॅट उघडलं की त्याचा फोन "वाचलं" अशी पोच पाठवतो आणि दोन्ही टिका निळ्या होतात. म्हणजे टिक ही समोरच्या फोनने स्वतःहून पाठवलेली पावती आहे आणि ती रंगवतं तुमच्याच फोनमधलं अ‍ॅप. त्याने सेटिंगमधून ही वाचल्याची पोच बंद ठेवली असेल तर मेसेज वाचूनही टिक निळी होत नाही. ग्रुपमध्ये मात्र ते सेटिंग चालत नाही. ग्रुपमध्ये दुसरी टिक सगळ्यांच्या फोनवर मेसेज उतरल्यावरच येते आणि निळा रंग सगळ्यांनी उघडल्यावर. दोनशे जणांच्या ग्रुपात एकाचा फोन बंद पडलेला असला तरी टिक एकच राहते. "माझ्या मेसेजला टिक अडकलीय, कोणीतरी अडवलाय" ही शंका बहुतेक वेळा इथूनच येते. मेसेज दाबून धरा, माहितीचा पर्याय उघडा, कोणाला पोचला आणि कोणी वाचला ती यादी तिथे असते.

आता तिसरी टिक उमटायची तर पाळत ठेवणाऱ्याने तुम्हाला पावती पाठवायला हवी. चोरून ऐकणारा "मी ऐकलं हो" असं कळवेल का? कायदा तर नेमका उलट सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २००९ चे नियम असोत की दूरसंचार कायद्याखालचे ६ डिसेंबर २०२४ चे इंटरसेप्शनचे (संभाषण वाटेत ऐकण्या-वाचण्याचे) नियम, दोन्हींत यंत्रणेवर आणि कंपनीवर कडक गुप्ततेचं बंधन आहे. ज्याचा फोन ऐकला जातो त्याला ते कळूच नये, अशीच सगळी रचना आहे.

त्यापुढचा मुद्दा एन्क्रिप्शनचा, म्हणजे मेसेज कुलूपबंद करून पाठवण्याचा. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संभाषणाच्या किल्ल्या दोन टोकांच्या फोनमध्येच असतात, सर्व्हरवरून जाते ती फक्त कुलूपबंद माहिती. हे स्वतः तपासता येतं. समोरच्याच्या नावावर टॅप करा, एन्क्रिप्शन उघडा, ६० आकडी क्रमांक आणि क्यूआर कोड दिसेल. तो दोन्ही फोनवर सारखा असला पाहिजे. आणि सरकार आधीच सगळं वाचत असतं, तर फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत "मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून द्या" अशी अट घालायची गरजच काय होती? त्या अटीविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलंत तर आम्ही भारतातून जाऊ. ही लढाई चालू असणं हाच टिकांच्या तक्त्याला मोठा जवाब आहे.

याचा अर्थ तुमचं चॅट कोणाच्या हाती लागूच शकत नाही असा मुळीच नाही. ते वाटेत फुटत नाही, टोकाला फुटतं. पहिली फट म्हणजे बॅकअप. गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या चॅटच्या बॅकअपला तेच कुलूप आपोआप लागतं असं धरून चालू नका. सेटिंग्जमध्ये चॅट, मग चॅट बॅकअप, मग एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप हे चालू आहे का ते बघा. तिथे पासवर्ड किंवा ६४ अक्षरांची किल्ली मिळते. ती हरवली तर बॅकअप कोणालाच उघडता येत नाही, तुम्हालाही नाही, म्हणून कागदावर लिहून ठेवा. दुसरी फट जोडलेल्या उपकरणांची. ऑफिसच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं राहिलं की बाकी सगळी कुलपं फुकट. लिंक्ड डिव्हाइसेसची यादी बघा, ओळखीचं नसेल ते काढा. तिसरी फट ग्रुपातलाच कोणी स्क्रीनशॉट काढणारा. तपासात "चॅट उघड झालं" अशा बातम्या येतात तेव्हा ते चॅट सहसा जप्त केलेल्या फोनमधून, बॅकअपमधून किंवा समोरच्याच्या हातून आलेलं असतं.

मेसेजमधला सगळ्यात घातक भाग समन्सचा आहे. "तीन लाल टिका, मग समन्स" हे एकदा मनात बसलं की व्हॉट्सअ‍ॅपवर कोर्टाचा शिक्का असलेली पीडीएफ आली तरी माणूस ती खरी मानतो. डिजिटल अरेस्टवाले नेमकं तेच करतात. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश, मागे पोलीस ठाण्याची भिंत, "तुमच्या नंबरवरून गुन्हा झालाय, कॉल कट करू नका, घरात कोणाला सांगू नका" आणि मग पडताळणीच्या नावाखाली पैसे दुसऱ्या खात्यात वळवायला लावणं. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचं काही नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही आणि कोणतीही तपास यंत्रणा फोनवरून पैसे मागत नाही. असा कॉल आला तर सरळ बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची असतात.

इथे एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करायला हवं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ६४ मध्ये कोर्टाचा शिक्का असलेलं समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावण्याची तरतूद आहे, राज्याने केलेल्या नियमांप्रमाणे. पण पोलिसांसमोर हजर राहण्याची कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आणि समन्स खरं असलं तर त्यावर केस क्रमांक आणि कोर्टाचं नाव असतं. ते मेसेजमधल्या लिंकवर नव्हे, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा त्या कोर्टात जाऊन पडताळायचं.

आता "सगळे कॉल रेकॉर्ड होतात". यावर नेहमी उत्तर दिलं जातं की इतकं साठवायला जागा कुठून आणणार. हे उत्तर कच्चं आहे. जुन्या पद्धतीच्या मोबाइल कॉलचा आवाज सेकंदाला सुमारे १२ किलोबिटमध्ये मावतो, म्हणजे मिनिटाला साधारण ९० केबी. देशात ११५ कोटींच्या आसपास मोबाइल जोडण्या आहेत. प्रत्येकीवर दिवसाला २० मिनिटं धरली आणि एकच कॉल दोन्ही टोकांना मोजला जातो म्हणून निम्मे केले, तर रोज एक पेटाबाइट होतं. म्हणजे २० टेराबाइटच्या पन्नास हार्डडिस्क. व्होल्टीईचा (४जी नेटवर्कवरच्या कॉलचा) आवाज चांगला असतो म्हणून दुप्पट धरा. एखाद्या सरकारला हे अशक्य नाही. तेव्हा जागेच्या भरवशावर निर्धास्त राहू नका.

खरं उत्तर वेगळं आहे. टॅपिंगची यंत्रणा नंबरावर चालते. आदेशातला नंबर यादीत घालतात आणि त्याच्याच कॉलची प्रत वेगळी निघते. तो आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लागतो, तातडी असेल तर अधिकार दिलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्याचा. मुदत ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस. ही चौकट पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या १९९६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली, २००७ मध्ये ती टेलिग्राफ नियमांत नियम ४१९-अ म्हणून आली आणि २०२४ च्या नियमांत जवळपास तशीच पुढे चालू आहे. चौकट मोडली तर कोर्टात टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ ला एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे केंद्रीय गृहखात्याचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. आरोप लाच दिल्याचा होता आणि त्यात सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न दाखवता आला नाही.

पण ज्याची खरोखर भीती वाटायला हवी ते याच चौकटीत आहे आणि मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही. डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीचा २०१८ चा अहवाल उघडा. माहिती अधिकारातून बाहेर आलेला आकडा त्यात दिलाय: एकटं केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० टॅपिंग आदेश काढत होतं. ते तपासायची जबाबदारी पुनरावलोकन समितीची आणि ती बसते दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश. श्रीकृष्ण समितीने हे काम अवास्तव असल्याचं म्हटलंय. गणित करून बघा. आठ तास न उठता बैठक चालली तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. केंद्राच्या पुनरावलोकन समितीत कॅबिनेट सचिव, विधी सचिव, दूरसंचार सचिव असे सगळे सरकारचेच अधिकारी. न्यायाधीश एकही नाही. गृहखात्याने काढलेला आदेश सरकारच्याच सचिवांनी तपासायचा, तोही दोन सेकंदांत. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवत नाहीत, मग तो दाद मागणार कुठे? टिकांचे रंग बघत बसण्यापेक्षा हा प्रश्न आपल्या खासदाराला विचारा.

आणि सगळ्यांचंच जे साठवलं जातं ते आवाज नव्हे, सीडीआर, म्हणजे कॉलच्या तपशिलाची नोंद. कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळ फोन केला, कॉल सुरू होताना आणि संपताना कोणता टॉवर होता, हँडसेटचा आयएमईआय (ओळख क्रमांक) कोणता. डिसेंबर २०२१ च्या परवाना दुरुस्तीनंतर कंपन्यांनी हे किमान दोन वर्षं ठेवायचं असतं. यासाठी गृहसचिवांचा आदेश लागत नाही, पोलीस ते वरिष्ठांच्या मंजुरीने मागवतात. व्हॉट्सअ‍ॅप कॉलचा सीडीआर निघत नाही, पण इंटरनेट वापराची नोंद राहते. माणूस कुठे जातो, कोणाशी बोलतो हे एवढ्यावरून पुरतं कळतं, बोलणं न ऐकताही.

राजकीय मेसेज पाठवला म्हणून अटक? आक्षेपार्ह मेसेजसाठी वापरलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. सरकारवर किंवा पंतप्रधानांवर टीका हा गुन्हा नाही. गटागटांत तेढ पसरवणं हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. त्यात वॉरंटशिवाय अटक होऊ शकते हे खरं, आणि पोलिसांनी ही कलमं टीकाकारांवर वापरल्याची उदाहरणं आहेत हेही खरं. मात्र हा अधिकार "उद्यापासून" आलेला नाही, आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटकेआधी नोटीस हा नियम आहे. ग्रुप अ‍ॅडमिनना धाकात ठेवणाऱ्यांसाठी: सदस्याने टाकलेल्या मजकुराला अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलंय.

राहिलं फोन मंत्रालयाला जोडण्याचं. तसं काही होत नाही. पण फोनमध्ये सरकारी अ‍ॅप सक्तीने घालण्याचा प्रयत्न झाला होता. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने कंपन्यांना प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी आधीपासून घालायला सांगितलं. त्या आदेशावर तारीख होती, खातं होतं, ९० दिवसांची मुदत होती. लोकांनी तो वाचला, विरोध केला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली.