‘विरंगुळा’ हा शब्द तुम्ही कुणासाठी वापरलात?

मागच्या लेखाखाली ‘एक इंदूरकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी काल रात्रीपासून तीन वेळा वाचली. लेख आमच्या ट्रेकिंग क्लबबद्दल होता. शहरातल्या एका इतिहास मंडळासाठी आम्ही दोन बांधकामं हातात घेतली आहेत: मोडी कागदांसाठी एक दफ्तरखोली, आणि पाडलेल्या वाड्यांचे खांब, तुळया, चौकटी ठेवायला एक लांबट पडवी. त्यावर तुम्ही लिहिलंत, “सुट्टीचा विरंगुळा म्हणून घमेली उचलणाऱ्यांनी वारशाच्या गप्पा मारू नयेत. फोटोतला खांब सागाचा नाही, शिसवीचा आहे. दफ्तरखोलीच्या मागच्या भिंतीला पागोळ्यांचं पाणी लागणार. शिवाय एवढ्या पैशांत सगळे कागद स्कॅन करून झाले असते.”

खांबाचं तुमचं बरोबर आहे. तो शिसवीचाच आहे. मी खात्री न करता लिहिलं, ती चूक माझी. फोटोखालची ओळ आज सकाळी बदलली, तुमचे आभार मानतो.

पण ‘विरंगुळा’? साहेब, हा शब्द मला लागला. आमच्या क्लबची मंडळी एरवी रविवारी जानापावला नाहीतर पाताळपाणीला जातात. तो आमचा विरंगुळा, हे मान्य. गेलं सव्वा वर्ष ते सोडून ही माणसं सकाळी साडेसातला चुन्याच्या हौदापाशी हजर असतात. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत, सदुसष्ट वर्षांच्या. सुरखी चाळायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं. विटांची भुकटी इतकी बारीक चाळतात की चिमटीत घेतली तर कणी लागत नाही. चुन्याने त्यांच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आहेत. रात्री खोबरेल लावून हातमोजे घालून झोपतात. तुम्ही त्यांना ओळखत नाही, मग त्यांच्या कामाला नाव ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

चुन्याचं काम म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही ते वाक्य लिहिलंच नसतं असं मला वाटतं. कळीचा चुना पाण्यात टाकला की खदखदतो, वाफा निघतात, जवळ उभं राहवत नाही. तो विरला की हौदात पाण्याखाली मुरत ठेवायचा. आम्ही दोन महिने ठेवला. मग वाळू आणि सुरखी घालून मळायचा, आणि त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, भिजवलेली मेथी. पूर्वी चुना मळायच्या घाणीला बैल असायचे, आमच्याकडे खोरी आणि माणसं. आमचे मिस्त्री थापीवर गोळा घेतात आणि थापी उलटी धरतात. गोळा सुटला की पुन्हा मळा. पहिले तीन रविवार तो सुटतच होता. चौथ्या रविवारी चिकटून राहिला तेव्हा इंजिनिअरिंगला असलेला आमचा एक मुलगा अक्षरशः नाचला. मिस्त्रींना आम्ही पूर्ण रोजी देतो, हेही सांगून ठेवतो, म्हणजे पुढची शंका यायला नको.

सिमेंट का नाही, असंही कुणी विचारेल. कागद ठेवायच्या खोलीत भिंतीने दमट हवा घ्यावी आणि कोरड्या दिवसांत सोडावी लागते. चुन्याचा गिलावा ते करतो. जुन्या विटांवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. आमच्या विटा जुन्याच आहेत, वाड्यांच्या पाडकामातल्या.

पायाचं ऐका. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर भिंत उभी केली तर भिंतही तिच्याबरोबर हलते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणलं. साडेपाच फूट! सगळं कुदळ-फावड्याने, मे महिन्यात. विरंगुळ्यासाठी कुणी मे महिन्यात इंदूरमध्ये खड्डे खणत नाही हो.

वारशाच्या गप्पा मारू नयेत म्हणता. 1984 साली इंदूरचा होळकरांचा राजवाडा जळाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे, त्यामुळे वरचं किती भराभर पेटलं असेल ते तुम्हीच समजा. आमच्या गच्चीवरून धूर दिसत होता आणि आजोबा एक शब्द न बोलता कठड्याला धरून उभे होते. 1801 मध्ये शिंद्यांच्या सैन्याने तोच वाडा जाळला होता, 1908 मध्येही आग लागली होती, हे मला त्यांनी त्या रात्री सांगितलं.

पुढे आमचा जुन्या इंदुरातला वाडा वाटण्यांत पाडला गेला. सागाच्या तुळया लाकूडवाल्याने वजनावर नेल्या. आजोबांची पेटी उघडली तर आत मोडी कागदांची ओल लागून वीट झाली होती. बोरूने लिहिलेली एक ओळ वरच्या कागदावर दिसत होती, काळीभोर, काल लिहिल्यासारखी. खालचं एकही पान सुटं निघालं नाही. मी ती वीट बरीच वर्षं कपाटात ठेवली होती. आता ती मंडळाकडे दिली आहे, आणि दफ्तरखोली झाली की तिथेच राहील. मला वारशावर बोलायचा हक्क आहे की नाही, ते यावरून ठरवा.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. पागोळ्यांचं मिस्त्री बघतील, ते चाळीस वर्षं हेच काम करत आहेत. स्कॅनिंगचा विषय वेगळा आहे आणि तो मंडळाने ठरवायचा, मी नाही.

मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या लेखांखाली लोकांनी माझी व्याकरणाची खरडपट्टी काढली आहे आणि मी ती निमूट ऐकली आहे. पण स्वतःचं नाव न लिहिता दुसऱ्याच्या घामाला हिणवायचं, ही आपल्या इंदूरची रीत नव्हे. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. काकूंनी मात्र ती वाचली आहे, एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहितो.

येत्या रविवारी दफ्तरखोलीच्या आतल्या भिंतींना गिलाव्याचा दुसरा थर आहे. साडेसातला सुरू होतं. पत्ता मागच्या लेखात आहे. आलात तर जुने कपडे घालून या, चुन्याचे डाग निघत नाहीत.