उंटाच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते

परवा आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावात कच्छकडचे रबारी मेंढरं आणि चार उंट घेऊन आले. उंट गावहाळावर लावायला गेले तर माझ्या पुतण्यानेच त्यांना अडवलं. "त्याले पानी कसाले लागस? मदारमा भरेल शे ना!" पोराच्या डोक्यात हे घातलं 'उंट-जिराफाची थक्क करणारी सत्ये' या मेसेजने. भावकीच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेलाय. बाहेर वैशाखाचं ऊन आणि तहानलेली जनावरं हाळावरून माघारी. मला राहवलं नाही.

मेसेज म्हणतो, मदार म्हणजे पाण्याची टाकी, उंटाला सहा महिने पाणी लागत नाही. साफ खोटं. मदारीत चरबी असते. उपासमार झाली की तीच मदार सैल पडून एका अंगाला कलते. पाणी वाचवायची उंटाची तऱ्हा वेगळी आहे. क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५३-५४ मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात मोजमापं घेऊन ती दाखवली. पाणी न मिळालेल्या उंटाचं अंग पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरतं, दुपारी ४० च्या वर चढतं. त्यामुळे घाम कमी जातो. वजनाच्या पाव हिश्श्याइतकं पाणी गेलं तरी तो तग धरतो. पण तग धरला म्हणजे तहान लागली नाही असं होत नाही. तिथल्या एका उंटाने दहा मिनिटांत शंभर लिटरवर पाणी ओढलं होतं.

थंडीत ओला पाला भरपूर असला तर उंट आठवडेच्या आठवडे पाण्याला तोंड लावत नाही, एवढं मान्य. ती गोष्ट हिवाळ्याची, आपल्या खानदेशातल्या उन्हाळ्याची नाही.

संध्याकाळी पुतण्याला घेऊन हाळावर गेलो, रबारींना बोलावून घेतलं. उंटांनी माना खाली घातल्या आणि एकेक घोट त्या लांब गळ्यातून वर सरकताना दिसू लागला. हाळाचं पाणी बघता बघता चार बोटं उतरलं. पोरगा गप्प.

मेसेजमधलं जिराफाचंही असंच. तो म्हणे उंट आणि बिबट्याचा संकर! हा फार जुना गैरसमज, त्याच्या 'कॅमेलोपार्डालिस' या शास्त्रीय नावात अडकून राहिलेला. त्याचा खरा सोयरा काँगोच्या जंगलातला ओकापी. मानेत मणके आपल्याइतकेच, सात, फक्त एकेक वीतभर लांब. आणि जिराफही पाणी पितो, पुढचे पाय फाकवून.

रबारींचा मुक्काम अजून चार दिवस नाल्याकाठी आहे. त्यांचे उंट हाळावर आले तर कुणी अडवू नका.