अठरा कॅरेटचं मीठ

'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न विज्ञानाच्या पेपरातून कायमचा काढून टाकावा, असं माझं ठाम मत आहे. मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण या धड्याची तर त्याने पार वाट लावलीय. मधे उभी रेघ, दोन्हीकडे चार-चार मुद्दे, घोकून उतरवले की मार्क. शेजारच्या दहावीतल्या मुलीला सहज विचारलं, २२ कॅरेटचं सोनं काय गं? पटकन म्हणाली, "संयुग! एकजीव दिसतं ना."

दिसण्यावर काय जातंय? झवेरी बाजारात १८ कॅरेट मागा, ७५ टक्के सोनं. २२ मागा, ९१.६ टक्के, बाकी तांबं-चांदी. गिऱ्हाईक म्हणेल ते प्रमाण! जिथे प्रमाण असं हलवता येतं ते मिश्रणच, कितीही एकजीव असू दे. शुद्ध मिठाचं, म्हणजे सोडियम क्लोराईडचं, तसं नाही. वजनात सोडियम ३९.३ टक्के, क्लोरीन ६०.७, मग ते भाईंदरचं असो की कच्छचं. अठरा कॅरेटचं मीठ कुणी विकून दाखवावं. संयुगात घटकांचं प्रमाण ठरलेलंच; फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ प्रूस्टचा स्थिर प्रमाणाचा नियम तो हाच, पुस्तकात चौकटीत असतो, म्हणून कुणी वाचत नाही.

खरं तर मुंबईतल्या पोरांना हा धडा मिठागरावर नेऊन शिकवावा (शिल्लक आहेत तोवर). भरतीचं पाणी आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवतात, उन्हाने ते आटत जातं. आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग मिठाचे खडे धरतात, आणि उरलेलं मॅग्नेशियमचं कडू पाणी सोडून देतात. मिश्रण सोडवायला ऊन-वारा पुरला. आता त्याच मिठातून सोडियम काढून दाखवा! उन्हात वर्षभर ठेवा, काही होणार नाही. ८०१ अंशांवर वितळवून त्यातून वीज सोडावी लागते. मग हाती काय येतं, तर पाण्यात टाकताच तडतडून पेट घेणारा धातू, आणि पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडलेला विषारी वायू, क्लोरीन. दोघं मिळून आपल्या वरणात!

आणि पावसाळ्यात जाड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, ते मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराईडचं काम. आयोडीनवाल्या पुडीत पोटॅशियम आयोडेट असतं. म्हणजे सोडियम क्लोराईड संयुग, पण तुमच्या बरणीत आहे ते मिश्रण. भरा आता तक्ता.