टॅक्स कोणाचा होता बे?

आज सकाळी आमच्या नागपूरच्या सोसायटीच्या ग्रुपवर बुडत्या बोटीचा व्हिडिओ आला. वर हेलिकॉप्टर, दोरीला लटकलेला खलाशी. खाली आपल्यातल्याच एका शहाण्याची कमेंट: "इशारा देऊनही जातात कायले? आमच्या टॅक्सवर यांची हौस."

हौस! पोटासाठी दर्यात जाणं ही हौस?

लहानपणी आम्ही अलिबागला गेलो होतो. ओहोटीला कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येतं, एवढंच बाबांना कोणीतरी सांगितलेलं. परतताना निम्म्या वाटेत पाणी कमरेला लागलं. एका कोळ्यानं होडी आडवी घातली, मला बखोटीला धरून आत टाकलं. आत सुकटीचा आणि डिझेलचा वास. बाबांनी पाकीट काढलं तर म्हणाला, "ठेवा ते. आधी पोरांना सुकं करा."

त्याला कोणता पगार होता? आपलं तटरक्षक दल १९७८ चं. त्याआधी बुडणाऱ्याला कोण होतं? १७ जुलै १९४७ ला रामदास बोट रेवसच्या वाटेवर उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. वाचलेल्यांतल्या बऱ्याच जणांना रेवसच्या कोळ्यांनीच आपल्या होड्यांत ओढून घेतलं. तिकडे इंग्लंडात विल्यम हिलरीच्या पुढाकारानं १८२४ मध्ये लाइफबोटीची संस्था निघाली. दोनशे वर्षं झाली, अजून मुख्यतः देणग्यांवर चालते, आणि वादळात बोट घेऊन जाणारे बहुतेक स्वयंसेवक. चूक कोणाची, हे काठावर आल्यावर बघतात.

मान्य, काही जण इशारा मोडून जातात. आणि पिऊन लाटांत उतरणारे पोट्टे? ते तर आपल्याकडूनच जातात, राजेहो.

आता खरं बोलतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आपला अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा याच ग्रुपवर "बोट पाठवा, बोट पाठवा" चालू होतं. जवान आले, आपल्या म्हाताऱ्यांना उचलून नेलं. नाल्याकाठी घर का बांधलं, असं विचारलं कोणी? तेव्हा टॅक्स कोणाचा होता?

जाऊ द्या. आई अजून नारळी पौर्णिमेला एक नारळ जास्तीचा आणते, त्या कोळ्याच्या नावाचा. नाव तिलाही ठाऊक नाही.

सुट्ट्यांत कोकणात निघालेल्यांनो, भरतीची वेळ तिथल्या कोळ्यांना विचारून पाण्यात उतरा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सेव्ह करून ठेवा. आणि तो कमेंटवाला भौ, तूही कर.